रूळ उठल्यानंतरची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पाठोपाठ ‘बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची निसर्गवाट कशी चालवावी’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही इंजिनिअर नव्हे, साधे बी. ए. आहोत, आणि आमची उमेद केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत खर्ची पडली आहे. परंतु सरकारी जमीन मोकळी पडली म्हणजे तिचे पुढे काय होते, हे त्या कचेऱ्यांत बसून जितके जवळून दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते. तेवढ्याच अधिकारावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. रूळ उठले तरी त्यांच्याखालची अखंड, सपाट, गावोगाव जोडणारी जमीन ही सर्वांच्या मालकीची ठेव असते. ती एकदा तुकड्यातुकड्यांनी गेली की पुन्हा कोणालाही जुळविता येत नाही. तिच्यावर माणसांची ये-जा चालू ठेवणे हा तिला राखण्याचा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र अशी वाट बांधून भागत नाही; ती चालवावी लागते. बांधणे हे एका वर्षाचे काम आहे, चालविणे हे पिढ्यांचे.

दूरची उदाहरणे देण्याआधी आपल्या दाराशी असलेले उदाहरण पाहू. रायपूरकरांच्या तोंडी ‘छोटी लाईन’ हेच जिचे नाव होते, ती रायपूर-धमतरी नॅरो गेज लाईन १९०० साली सुरू झाली. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती टाकली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. रायपूरहून निघालेली गाडी तेलीबांधा, माना, भाटगाव, केंद्री करीत अभनपूरला यावयाची. तेथून एक फाटा माणिकचौरीवरून राजिमला जात असे, आणि मुख्य मार्ग चटौद, सिर्री, कुरूद, सांकरा अशी गावे घेत धमतरीला पोचत असे. धमतरीच्या पलीकडील जंगलातले लाकूड, लाख, हिरडा आणि मैदानातला धान यांना मुख्य लाईनपर्यंत आणून सोडणे हे तिचे मूळ प्रयोजन होते. माणसे त्यानंतर आली, आणि मग तीच अधिक झाली.

१९०० हे वर्ष आपण मराठी मंडळींनी आणखी एका कारणाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. मायबोली मराठी आणि कर्मभूमी छत्तीसगड, असा हा पुरुष. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून या मुलुखात आलेली आपली कुटुंबे, पुढे रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांच्या निमित्ताने आलेली कुटुंबे, आणि अगदी अलीकडे बदलीच्या हुकुमावर आलेली आमच्यासारखी कुटुंबे, या सर्वांनीच इथले काही ना काही आपले मानले. छोटी लाईन ही त्यांपैकी एक गोष्ट होती. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमला जत्रा भरते. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर स्नान करून राजीवलोचनाचे दर्शन घेण्यासाठी त्या गाडीने गेलेली मंडळी या सभागृहातही असतील. चैत्राच्या तोंडाला रुळांच्या दोहों बाजूंस मोहाची फुले वेचणाऱ्या बाया खिडकीतून दिसत. गाडीचा वेग इतका बेताचा की त्यांच्या टोपलीत किती फुले जमली हेही दिसे.

२०१७ साली रायपूर ते केंद्री हा भाग बंद झाला. शहरातून जाणाऱ्या त्या पट्ट्यावर पुढे द्रुतगती मार्ग झाला. रेल्वे स्थानकाजवळच्या फाफाडीहकडून निघून तो जुन्या लाईनच्याच अंगाने नव्या रायपूरच्या दिशेने जातो. केंद्रीच्या पुढचा मार्ग, म्हणजे केंद्री-धमतरी आणि अभनपूर-राजिम मिळून सुमारे ६७ किलोमीटर, ब्रॉड गेज करण्याचे काम हाती घेण्यात आले. ३० मार्च २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते रायपूर-अभनपूर मेमू गाडीस हिरवा कंदील दाखविण्यात आला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ती राजिमपर्यंत गेली. ही नवी गाडी मात्र जुन्या वाटेने न जाता मंदिर हसौद आणि नवे रायपूर असा वळसा घेऊन केंद्रीला येते.

यात तक्रार करावी असे फारसे काही नाही. राजिमला पुन्हा रेल्वे आली ही आनंदाचीच गोष्ट. आणि वाढत्या शहराला रस्ताही हवाच. परंतु एक हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. रायपूर शहराच्या मध्यातून, एकाही धनिकाचे घर न पाडता, एकाही शेतकऱ्याची जमीन न घेता, थेट शेतशिवारापर्यंत जाणारी एक सलग पट्टी आपल्याला १९०० सालच्या लोकांनी आयती दिली होती. तिच्यावर मोटारींची सोय झाली. त्याच पट्टीच्या एका कडेला शाळेत जाणारे मूल, सकाळी फिरावयास निघालेला पेन्शनर आणि सायकलवरचा मजूर यांच्यासाठी दोन-तीन मीटर रुंदीची सावलीची वाट अखंड ठेवता आली असती काय, हा प्रश्न जेव्हा विचारावयास हवा होता तेव्हा तो विचारणारे संघटित असे कोणीच नव्हते. अधिकाऱ्याच्या टेबलावर तोच प्रश्न येतो जो कोणी तरी लेखी विचारलेला असतो. हे सरकारी सत्य आम्ही अनुभवाने सांगत आहोत.

आता अशी वाट रेल्वेच्याच जमिनीवर का चांगली होते, ते पाहू. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून इंजिनिअर टेकडी आली की खोदाई करतो, खोलगट भाग आला की भराव घालतो, ओढा आला की मोरी किंवा पूल बांधतो आणि वळण आले तर ते लांबट, सौम्य ठेवतो. ही सारी मेहनत गाडीसाठी केलेली असली तरी तिचा लाभ पायांना होतो. गुडघे दुखणारी आजी, बाबागाडीतले मूल आणि सायकल शिकणारी मुलगी या तिघांना एकाच वाटेने जाता येईल अशी जागा डोंगरवाटेत मिळत नाही आणि हमरस्त्यावर तर नाहीच. शिवाय भराव आजूबाजूच्या शेतांहून उंच असल्यामुळे दोन्हीकडचा मुलूख मोकळा दिसतो. निसर्गशोभा म्हणून वेगळे काही उभारावे लागत नाही.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आम्ही बोलत आहोत ते गाड्या कायमच्या थांबलेल्या मार्गाविषयी. चालू लाईनवरून पायी जाणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्याच्या सीमेवर दूधसागर धबधबा पाहण्यासाठी रुळांवरून चालत जाणाऱ्या तरुणांच्या झुंडी २०२३ च्या पावसाळ्यात रेल्वे पोलिसांना अडवाव्या लागल्या. त्या तरुणांची हौस खोटी नव्हती. त्यांना चालण्यासाठी कायदेशीर आणि सुरक्षित अशी रूळवाट कोठे उपलब्धच नव्हती. हौसेला वाट दिली नाही म्हणजे ती आडवाटेने जाते.

परदेशांत या प्रश्नाचा विचार बराच आधी झाला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे ५१ किलोमीटरची लाईन रेल्वे कंपनीने १९६४ साली सोडून दिली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जमीन सलग विकत घेतली, रूळवाट तयार केली आणि त्या देशात अशा वाटांचा पायंडा तेथून पडला. त्या वाटेवर तीन बोगदे आहेत. त्यांतील सर्वांत मोठा पाऊण मैलाच्या आसपास लांब. रेल्वेच्या काळी हिवाळ्यात आत बर्फ धरू नये म्हणून बोगद्यांच्या तोंडांना प्रचंड दरवाजे होते, आणि गाडी येण्याच्या वेळी ते उघडण्यास पहारेकरी असे. आजही हिवाळ्यात ते दरवाजे लावले जातात आणि वसंतात उघडले जातात. गाडी गेली, परंतु दरवाजा वेळेवर लावण्याचे काम गेले नाही. सायकलस्वाराला तेथे पासाचे पैसे भरावे लागतात, आणि त्यातून वाटेच्या देखभालीला हातभार लागतो.

दुसरे उदाहरण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सेंट्रल ओटागो भागाचे. तेथील क्लाइड ते मिडलमार्च हा दीडशे किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९० साली बंद पडला. मेंढपाळांची विरळ वस्ती, गावे ओस पडू लागलेली. १९९३ साली सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने ती जमीन ताब्यात घेतली. स्थानिक लोकांनी एक विश्वस्त निधी उभारला. जुन्या पुलांवर फळ्या आणि कठडे बसविले गेले, आणि २००० साली संपूर्ण वाट खुली झाली. सायकलवरून येणाऱ्यांना वाटेतील गावी जेवण लागते, रात्रीचा मुक्काम लागतो. त्यामुळे बंद पडलेल्या खाणावळी उघडल्या आणि जुन्या घरांत पाहुणे उतरू लागले. प्रवाशाजवळ एक लहानशी पुस्तिका असते. प्रत्येक ठाण्यावर तिच्यावर त्या त्या स्टेशनचा शिक्का उमटवून घेता येतो. आपल्या पंढरीच्या वारीत मुक्कामाच्या गावांना जसे महत्त्व येते, तसेच महत्त्व तेथील पूर्वीच्या फलाटांना आले.

तिसरे उदाहरण सिंगापूरचे. मलेशियाच्या रेल्वेची जमीन १ जुलै २०११ रोजी सिंगापूरकडे परत आली. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या त्या नगरराज्यात २४ किलोमीटरची पट्टी बिल्डरांच्या हाती जाणे अगदी सोपे होते. परंतु तेथील निसर्गप्रेमी संस्थेने त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे रूळ उठण्यापूर्वी, ही पट्टी अखंड हिरवी ठेवावी अशी लेखी योजना सरकारपुढे मांडली होती. योजना वेळेवर टेबलावर होती, म्हणून तिचा विचार झाला. बुकित तिमा येथील जुने स्टेशन आणि लोखंडी पूल आज जतन केलेले आहेत. तिन्ही ठिकाणी तीच गोष्ट दिसते: जमीन तुटण्यापूर्वी मागणी झाली, आणि मागणी करणाऱ्यांनी पुढची जबाबदारीही पत्करली.

आता प्रत्यक्ष चालविण्याकडे वळू. कारण भाषणाच्या नावातील खरा शब्द तोच आहे.

पहिले काम कागदाचे. जमीन कोणाची, रुंदी किती, हद्दीचे दगड जागेवर आहेत काय, हे मोजणी करून निश्चित झाले पाहिजे. आपल्याकडे रेल्वेची मोकळी जमीन व्यापारी उपयोगासाठी विकसित करण्याकरिता २००५ च्या दुरुस्ती कायद्यान्वये रेल भूमी विकास प्राधिकरण ही स्वतंत्र संस्था आहे. तेव्हा रूळवाटेचा अर्ज करणाऱ्याने ‘जमीन पडून आहे, आम्हास द्या’ असे लिहून चालत नाही. मालकी रेल्वेचीच राहील, वापर अमुक मुदतीचा असेल, बांधकाम कायमचे होणार नाही आणि मागणी होताच जमीन परत करू, असे स्पष्ट कलम त्यात असावे लागते. सरकारी माणूस उदार नसतो असे नाही. परंतु उद्या आपल्यावर ठपका येणार नाही अशी हमी त्याला कागदावर हवी असते.

दुसरे काम पाण्याचे. रुळांखालची खडी टोकदार असते. तिच्यावर चालणे म्हणजे पायांना शिक्षा. ती खडी दाबून वर मुरूम पसरावा, मधोमध किंचित उंच आणि दोहों कडांना उतार ठेवून रोलर फिरवावा. विदर्भात काय आणि छत्तीसगडात काय, मुरूम मुबलक आहे. परंतु आपला पाऊस चार महिन्यांत सारे हिशेब चुकते करतो. बाजूचा चर तुंबला, मोरीत पालापाचोळा अडकला, की पाणी वाटेवर चढते आणि एका रात्रीत भरावाला खांड पडते. म्हणून मृगाच्या आधी प्रत्येक चर आणि प्रत्येक मोरी साफ झालीच पाहिजे. निसर्गवाटेचे सौंदर्य फुलझाडांनी नंतर वाढते. प्रथम ते गटारांनी टिकते, हे ऐकावयास गोड नसले तरी खरे आहे.

तिसरे काम सुरक्षिततेचे. पुलांवर फळ्या आणि छातीइतके उंच कठडे हवेत. रस्ता ओलांडावयाच्या ठिकाणी अरुंद, वळणाचे फाटक असावे. त्यातून माणूस आणि सायकल जाईल, परंतु मोटारसायकल व ट्रॅक्टर जाणार नाहीत. एकदा ट्रॅक्टरला सवय लागली की वाटेचा गाडीरस्ता होतो. चौथे काम सावलीचे. आपल्या उन्हात अकरानंतर झाडाविना वाट चालणे अशक्य. करंज, कडुनिंब, जांभूळ, मोह, आणि ओढ्याकाठी अर्जुनसादडा ही इथल्या मातीची झाडे लावावीत. मात्र ती भरावाच्या पायथ्याशी असावीत. माथ्यावर लावली तर मुळे मोऱ्यांच्या बांधकामात शिरतात. दर काही किलोमीटरांवर जुन्या स्टेशनच्या जागी पिण्याचे पाणी, बसण्यास पार आणि स्वच्छतागृह असावे. स्वच्छतागृहाचा विचार झाला नाही तर स्त्रिया त्या वाटेने येणार नाहीत, आणि स्त्रिया जेथे येत नाहीत ती वाट लवकरच निर्मनुष्य होते.

पाचवे आणि मुख्य काम माणसाचे. रेल्वेत कीमन नावाचा एक सेवक असतो, हे आपल्यातील रेल्वेवाल्या कुटुंबांना सांगावयास नको. हातोडा, पाना आणि लाल-हिरवी निशाणे घेऊन तो रोज आपला पाच-सहा किलोमीटरांचा टप्पा पायी तपासतो. सैल झालेली चावी ठोकतो, खचलेली खडी पाहतो, मुकादमाला खबर देतो. त्याच्या मागे गँग, गँगच्या मागे इन्स्पेक्टर. एकशे सतरा वर्षे छोटी लाईन चालली ती इंजिनाच्या जोरावर जितकी चालली, तितकीच या रोज चालणाऱ्या माणसाच्या पायांवर चालली. रूळवाटेलाही असाच कीमन हवा. पाच-सहा किलोमीटरांस एक माणूस, त्याच वाटेवरच्या गावातला, नियमित पगाराचा. पडलेली फांदी उचलणे, कठड्याचा सैल बोल्ट आवळणे, कोणी कुंपण पुढे सरकवीत असेल तर त्याच दिवशी खबर देणे, हे त्याचे काम. उद्घाटनाच्या दिवशी कोनशिला बसते, परंतु कोनशिला मोऱ्या साफ करीत नाही.

पगार आला म्हणजे पैशाचा प्रश्न आलाच. बांधकामाला एखाद्या वेळी निधी मिळतो. देखभालीला मिळत नाही, कारण देखभालीचे उद्घाटन करता येत नाही. न्यूयॉर्क शहरात उंच खांबांवरून जाणारी एक मालवाहू लाईन १९८० नंतर ओस पडली होती. १९९९ साली स्थापन झालेल्या नागरिकांच्या संस्थेने ती पाडू दिली नाही. २००९ पासून ती ‘हाय लाईन’ नावाने बाग म्हणून लोकांस खुली झाली, आणि तिच्या खर्चाचा मोठा वाटा आजही तीच संस्था देणग्यांतून उभारते. आपल्याकडे इतक्या मोठ्या देणग्या मिळणार नाहीत, हे मान्य. परंतु सायकलींचे भाडे, जुन्या स्टेशनच्या इमारतीत बचत गटाचे चहा-फराळाचे दुकान, वाटेवरच्या ग्रामपंचायतींचा ठरलेला वार्षिक वाटा आणि रोजगार हमीतून पावसाळ्यापूर्वीची सफाई, असे चार ओहोळ एकत्र आले तर कीमनाचा पगार निघण्यास हरकत नसावी. यांतील कोणताही एकच ओहोळ पुरणार नाही. म्हणून चारी मिळून एक समिती हवी, आणि तिचा हिशेब दरवर्षी वाटेवरच्याच फलकावर लावलेला हवा.

आपण म्हणाल, हे सारे ठीक. परंतु रायपूरची जमीन तर रस्त्यात आणि नव्या लाईनमध्ये गेली. मग ही वाट कोठे चालवावयाची? त्याचे उत्तर या सभागृहातील अनेकांच्या गावाकडे आहे. आपल्यापैकी कित्येकांचे मूळ घर यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम, वर्धा या जिल्ह्यांत. तेथील ‘शकुंतला’ आपणांस ठाऊक आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तेथून मँचेस्टरला पाठविण्यासाठी किलिक निक्सनच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हे अडीच फुटी मार्ग उभे केले. मूर्तिजापूर हे त्यांचे मध्य. तेथून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर, आणि दर्यापूर, अंजनगावकडून अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढीत होते. पुढे टप्प्याटप्प्याने या मार्गांवरच्या गाड्या थांबल्या. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव-आर्वी हा ३५ किलोमीटरचा फाटा तर त्याच्याही आधी थांबला होता.

येथे एक न्याय्य आक्षेप येतो, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. त्या भागातील लोकांना वाट नको आहे, गाडी हवी आहे. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी, ब्रॉड गेज व्हावी, यासाठी तेथे वर्षानुवर्षे चळवळ चालू आहे. गरिबाला स्वस्तात तालुक्याला नेणारी गाडी काढून घ्यावयाची आणि तिच्या जागी शहरी हौशी मंडळींच्या सायकली फिरवावयाच्या, हा न्याय कोणता? आक्षेप रास्त आहे. गाडी येणार असेल तर गाडीच आली पाहिजे. राजिमला ती परत आली, तशीच यवतमाळलाही यावी, ही आमचीही इच्छा आहे.

परंतु प्रश्न असा की गाडी येईपर्यंतच्या वर्षांचे काय करावयाचे? अमेरिकेने १९८३ साली आपल्या वाटांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून याचे एक उत्तर दिले. रेल्वे कंपनीला मार्ग बंद करावयाचा असेल तर तो तोडून न विकता, तेथे पायवाट चालविण्यास तयार असलेल्या संस्थेकडे सोपवावा. कायद्याच्या दृष्टीने तो रेल्वेमार्गच राहतो. उद्या पुन्हा गाडीची गरज पडली तर वाट बाजूला होईल आणि रूळ येतील. बँकेत ठेव ठेवावी तसा हा मार्ग ठेवलेला. आपल्या येथे रिकामी लाईन काय होते ते आपण पाहतो. शेजारचा नांगर दर हंगामाला वीतभर पुढे येतो, भरावाची माती उचलली जाते, रुळांचे लोखंड भंगारात जाते, मोरीवर टपरी बसते. दहा वर्षांनी ब्रॉड गेजचा मोजणीदार येतो, तेव्हा त्याला रेल्वेमार्ग सापडत नाही, दावे सापडतात. म्हणून रोज ज्या पट्टीवरून शंभर माणसे चालतात आणि जिच्यावर एक कीमन लक्ष ठेवून असतो, ती पट्टी गाडीसाठी राखलेली असते. वाट ही गाडीची सवत नव्हे. ती गाडीच्या जागेची राखणदार होय. शकुंतलेच्या चळवळीतील मंडळींनी ही मागणी आपल्या मागणीला जोडून घेतली तर त्यांचे बळ वाढेल, घटणार नाही, असे आम्हास नम्रपणे वाटते.

परमुलुखात राहणाऱ्या माणसाने गावाकडच्या गोष्टीत किती बोलावे, असेही कोणी विचारील. आमचा अनुभव असा की परगावी गेलेल्याचे पत्र गावात थोडे अधिक लक्ष देऊन वाचले जाते. म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, ज्यांची गावे शकुंतलेच्या किंवा पुलगाव-आर्वीच्या वाटेवर आहेत, त्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीस या सुट्टीतच लिहावे, आणि लाईनच्या हद्दीचे दगड आज कोठे आहेत एवढीच पाहणी करून घेण्याची विनंती करावी. सुरुवात त्याच दगडांपासून होते. दुसरी, केंद्रीपासून धमतरीपर्यंत नवे ब्रॉड गेजचे काम जेथे जुन्या वळणापासून बाजूला सरलेले आढळेल, तेथे उरलेला जुना भराव कितीही लहान असो, त्याची नोंद करून रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांच्याकडे लेखी अर्ज करावा. अर्जाचा मसुदा तयार करून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. तिसरी, छोट्या लाईनवर नोकरी केलेली आणि प्रवास केलेली जी वडील मंडळी आपल्यात आहेत, त्यांच्याकडून स्टेशनांची, पुलांची, पाणी भरावयाच्या जागांची माहिती लिहून घ्यावी. उद्या वाट झालीच तर फलकावर काय लिहावयाचे, हे सांगणारे कोणी उरले पाहिजे.

मंडळाला पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत इमारत बांधण्याचा उत्साह एकदाच आला असेल. परंतु गणेशोत्सवाचा मांडव, वाचनालयाच्या पुस्तकांची झाडलोट, सभासदांची वर्गणी आणि रात्री दिवा मालवून कुलूप लावणे हे काम कोणी ना कोणी दरवर्षी, दररोज केले. त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत. संस्था कशा चालतात हे ज्यांना असे रोजच्या कामातून कळले आहे, त्यांना रूळवाट कशी चालवावी हे वेगळे शिकविण्याची गरज नाही. हद्दीच्या दगडाची पाहणी करून आलेले पहिले पत्र मंडळाच्या कार्यालयात ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आमचे हे भाषण कामी आले असे आम्ही समजू.